विहिरीतलं जनावर, सातबारा आणि साबुदाण्याची खळ

आमच्या सिनेमाला २०२५च्या उन्हाळ्यात सेन्सॉरचं 'यूए १६+' (सोळाच्या आतल्यांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायचा) प्रमाणपत्र मिळालं. ७८ मिनिटांचा मराठी भयपट, एका जुन्या कथेवरून केलेला, खर्च साधारण साडेअकरा लाख, आणि त्यात एक राक्षस. अंबाजोगाईत बसून असलं काही करता येतं हे कळल्यापासून बरेच जण विचारतात. विचारतात ते राक्षसाबद्दल: कशाचा केला, आत माणूस होता का, किती लागले. सांगते. पण राक्षस आमच्या गच्चीवर तयार झाला. बाकी सगळं परभणी, कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि तलाठी कार्यालय असं फिरून झालं, आणि त्याबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

कथा १९८०च्या आसपासच्या एका दिवाळी अंकातली. बाहत्तरच्या दुष्काळात गावची विहीर खोल करायला घेतात. मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन माणसं सुरुंग भरतात, आणि एका सुरुंगानंतर तळाला पाण्याऐवजी पोकळी लागते. त्या पोकळीतून जे वर येतं त्याचं वर्णन लेखकानं अख्ख्या कथेत दोन वाक्यांत उरकलंय. ते ओलं आहे आणि त्याला उजेड ठाऊक नाही, एवढंच कळतं. मी अकरावीत असताना ही कथा वाचली आणि पुढची दोन वर्षं मळ्यातल्या विहिरीवर संध्याकाळी मोटार बंद करायला गेले नाही. (कथेचं आणि लेखकाचं नाव इथं घेत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोन्ही आहेत.)

पहिलं काम हक्कांचं. "जुनी गोष्ट आहे, कोण विचारतंय" म्हणणारे भेटतातच. त्यांचं ऐकू नका. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि कथेचा सिनेमा करणं हा त्यातलाच एक हक्क. आमचे लेखक नव्वदच्या दशकात गेले, म्हणजे २०५० उलटून गेलं तरी परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही. अंक केव्हाच बंद पडलेला. लेखक ज्या शाळेवर शिक्षक होते, तिथल्या निवृत्त शिपाईमामांकडून घरचा पत्ता मिळाला आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये मी परभणीला त्यांच्या मुलीकडे गेले.

काकू सत्तरीच्या पुढच्या. चहा झाला, चिवडा झाला. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "त्याला दाखवणार आहेस का?"

म्हटलं, "थोडं तरी दाखवावं लागेल, काकू."

"आम्ही लहानपणी बाबांच्या मागं लागायचो, ते दिसतं कसं सांगा म्हणून. ते म्हणायचे, मला दिसलं असतं तर मी भ्यालो असतो कशाला?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्या वेळी कौतुक म्हणून लिहिलं होतं. पुढं प्रत्येक खर्चाच्या वेळी तेच कामाला आलं.

करारनाम्याबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण इथंच लोक अडकतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच घ्यावे लागतात. तोंडी 'करा की' चालत नाही. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर हक्क फक्त भारतापुरता. आणि सगळ्यात घातक कलम असं की, वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर तो संपतो. आपल्यासारख्यांचं वर्ष नुसतं पैसे जमवण्यात जातं. म्हणून आमच्या करारात 'मुदत १० वर्षं, जगभर, सर्व माध्यमं, एक वर्षाची अट लागू नाही' असं स्पष्ट आहे. दुसरं, कलम ५७. कथेची मोडतोड होऊन लेखकाच्या नावाला बाध येत असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही राहतो, आणि लेखकाच्या पश्चात तो वारसांना वापरता येतो. तेव्हा 'काळ, पात्रं आणि शेवट यांत बदल करण्यास संमती' हे वाक्य घालून घ्या, आणि नुसतं घालू नका, काय बदलणार आहात ते वारसांना समोर बसून सांगा. मी सांगितलं. काकूंनी शेवट बदलायला हरकत घेतली नाही, पण शाळेतलं मास्तरांचं पात्र काढू नको म्हणाल्या. ते ठेवलं.

वारस तिघं. मोबदला ५१,००० रुपये आणि निव्वळ उत्पन्नात दहा टक्के. वकिलांचे ८,०००. धाकटे चिरंजीव दुबईला असल्यामुळं त्यांचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला दिवाळी गेली. त्या काळात संहितेचा पहिला खर्डा लिहून काढला. सही नसताना एक रुपयाही दुसरीकडं खर्च केला नाही.

आता संहिता. बाहत्तर साल दाखवणं आपल्या खिशाचं काम नाही. कुठंही कॅमेरा लावा, मोबाइलचा टॉवर, ठिबकच्या नळ्या नाहीतर सिमेंटचा रस्ता येतोच. म्हणून काळ आजचा घेतला आणि सुरुंगाच्या जागी आडवं बोअर आणलं. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते: विहिरीचं पाणी आटलं की तळाशी यंत्र सोडून चहूबाजूंनी कातळात आडवी भोकं पाडतात, एखादा झरा लागेल या आशेनं. भोक वीतभरही रुंद नसतं. मग तिथून राक्षस येणार कसा, यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी माझा भाऊ म्हणाला, "अख्खा कशाला यायला पाहिजे? आधी बोटं येऊ दे." पूर्वार्धात आमचा राक्षस म्हणजे चार बोटं आहेत. त्या चार बोटांना दोन हजारांच्या आत खर्च आला आणि लोक सगळ्यात जास्त तिथंच ओरडतात.

संहितेच्या टप्प्यावरच दोन गोष्टी कापल्या. एक, तंबाखू. पात्रानं बिडी ओढली किंवा तळहातावर तंबाखू मळली, तरी सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या सूचना आणि त्या प्रसंगात खाली इशाऱ्याची ओळ घालावी लागते. राक्षस यायच्या वेळी पडद्याच्या तळाशी ओळ नको होती. आमच्या सिनेमातले यारीवाले, म्हणजे विहिरीतला दगड-गाळ क्रेननं वर काढणारे, सुपारी कातरतात. दुसरी, जनावरं. कथेत पहिला बळी शेळीचा. पडद्यावर जनावर वापरायचं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी आणि ना-हरकत नंतर, असं दोन्ही लागतं. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला. पशुवैद्यकाचा दाखला, प्रसंगाचं वर्णन, मालकाची कागदपत्रं, सगळं. अशक्य नाही, पण वेळ हवा. आम्ही शेळी दाखवलीच नाही. खुंटीला बांधलेलं दावं आहे, अंधारात घुंगरू वाजतं, आणि दावं सरकत सरकत विहिरीच्या कठड्यावरून आत जायला लागतं. पुन्हा काकूंच्या बाबांचंच खरं.

मी अनुदानित कॉलेजात शिकवते, धंदा माझ्या नावानं नको, म्हणून निर्माता भाऊ. त्याच्या नावानं एकल मालकीची संस्था काढली. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. शीर्षकाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडं, कोल्हापूरला. कथेचंच नाव हवं होतं, ते आधीच कुणीतरी नोंदवून ठेवलेलं. अर्जात पर्यायी नावं द्यायची असतात. ती उगाच जागा भरायला देऊ नका, कारण त्यातलंच एखादं जन्माला चिकटतं. आमचं दुसऱ्या पसंतीचं नाव २०२४च्या फेब्रुवारीत मंजूर झालं. ते पत्र जपून ठेवा, सेन्सॉरला लागतं.

राक्षस जानेवारीपासून गच्चीवर सुरू होता. सांगाडा पीव्हीसी पाइप आणि ईव्हीए फोमच्या शीटचा. स्नायू गादीच्या स्पंजचे, कात्रीनं कातरून. कातडीसाठी द्रव रबर लेटेक्स आणि टिश्यू पेपर. फोमवर लेटेक्सचा हात द्यायचा, ओलं असतानाच टिश्यू अंथरायचा, बोटानं पुढं सरकवायचा, पुन्हा लेटेक्स. वाळताना ती दुधावरच्या सायीसारखी आक्रसते आणि सुरकुत्या आपोआप पडतात. असे पाचसहा थर. रंग शेवटी, तोही लेटेक्समध्येच मिसळून, नाहीतर वाकलं की पापुद्रे सुटतात. लेटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो, बंद खोलीत काम करू नका. उन्हात ते भराभर वाळतं, त्यामुळं मार्चनंतर आम्ही पहाटेच काम करायचो. डोळे बसवलेच नाहीत. ज्याला उजेड ठाऊक नाही त्याला डोळे कशाला? त्या एका निर्णयानं सगळ्यात खर्चीक भाग वाचला. एकूण खर्च १ लाख ४० हजार, त्यात निम्मी लेटेक्सची डबडी.

आत शिरला तो धाराशिवचा एक खो-खोपटू. अभिनेते पाहिले, पण माणूस सुटात शिरला की माणसासारखाच चालतो. खो-खोतल्या पोरांना उकिडवं बसून क्षणात कुठल्याही बाजूला झेपावायची सवय असते. या पोरानं पहिल्याच दिवशी उकिडव्यानंच गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन दाखवलं, आणि खाली पापड वाळत घालणाऱ्या आमच्या आईनं वर बघून ताट टाकलं. निवड तिथंच पक्की झाली. युनिटमध्ये त्याचं नाव पडलं 'भावजी', कारण त्याला कायम बसायला द्यायचं, वारा घालायचा आणि जेवण आधी वाढायचं.

विहीर मिळाली धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरात. सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, गोल, अर्ध्यापर्यंत दगडी बांधणी आणि खाली उघडा काळा पाषाण. मालक म्हणाले, "घ्या की, आमचीच हाय." मी १५ रुपये भरून ऑनलाइन सातबारा काढला, तर विहीर सामाईक, तीन चुलतभावांत. दोघांचं आपसात बोलणं बंद. संमतीपत्र तिघांचंही लागतं, नाहीतर ऐन रात्री कुणीतरी काठी घेऊन येतो. तिघांच्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या, १०० रुपयांच्या मुद्रांकावर. (२०२४च्या ऑक्टोबरपासून १००चा चालत नाही, ५००चा घ्यावा लागतो.) भाडं ठरलं १५,०००, तिघांत सारखं, प्रत्येकाच्या खात्यावर वेगळं.

पण खरी संमती आसरांची. आमच्याकडं विहिरीत साती आसरांचा, म्हणजे सात जलदेवतांचा, वास मानतात, खोदाई सुरू करताना साडी-चोळी आणि नारळ ठेवतात. पारावर बसलेल्या एका आजोबांनी स्पष्ट विचारलं, "आसराला राक्षस करणार असाल तर पुढं बोलायचंच नाही." मी संहिता वाचून दाखवली, यात देवीचा संबंध नाही, हे खडकातलं जनावर आहे असं सांगितलं. तेवढ्यात शाळेचे गुरुजी उलट्या बाजूनं उठले, अंधश्रद्धा पसरेल म्हणून. दोघांनाही पटेल असा एक परिच्छेद तिथंच लिहिला: कथा काल्पनिक, कुठल्याही दैवताशी संबंध नाही, मांत्रिक-देवरुषी यांचं समर्थन नाही. सरपंचांच्या पत्राला तो जोडला. पुढं सेन्सॉरला जवळजवळ तोच मजकूर सुरुवातीच्या पाटीसाठी कामी आला. गावकऱ्यांशी बोलताना खर्च झालेला वेळ वाया जात नाही, हे मुंबईत कळलं.

आता तारखा बघा. आम्हाला विहीर कोरडी हवी, म्हणजे एप्रिल-मे. मृगाच्या आधी उरकायला हवं. आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. बीडचं मतदान १३ मे ला. पोलीस ठाण्यात साहेबांनी सरळच सांगितलं, मतदान होईपर्यंत रात्रीच्या चित्रीकरणासाठी बंदोबस्त सोडा, तुमच्याकडं बघायलाही माणूस नाही. मलाही निवडणुकीची ड्युटी होतीच. मतदानयंत्राची पेटी जमा करून पहाटे घरी आले आणि चार-पाच दिवसांनी चित्रीकरणाला लागलो.

आचारसंहितेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: ५०,००० रुपयांच्या वर रोकड जवळ असेल तर तिचा हिशेब दाखवावा लागतो. एप्रिलच्या शेवटी आम्ही चाचणीसाठी निघालो तेव्हा केजच्या अलीकडं तपासणी पथकानं गाडी थांबवली. पैसे नियमात होते. पण डिकी उघडली तर आत गोधडीत गुंडाळलेलं राक्षसाचं मुंडकं. हवालदारानं टॉर्च मारला, एक पाऊल मागं सरकला आणि म्हणाला, "हे काय घेऊन फिरायलात?" सिनेमाचं आहे म्हटल्यावर त्यानं बोटानं दाबून बघितलं, साहेबांना बोलावलं, साहेबांनी दाबून बघितलं. पथकाच्या व्हिडिओवाल्यानं रीतसर चित्रीकरण केलं. शासनदरबारी आमच्या राक्षसाची पहिली नोंद ती असावी.

त्याआधी, २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली-नांदेडकडं जमीन हलली, ४.५ तीव्रतेचा धक्का. दुसऱ्या दिवशी आम्ही विहीर बघायला गेलो तर गावात तोच विषय. मी उत्साहानं आमच्या सिनेमातल्या जमिनीखालच्या घरघरीबद्दल सांगत होते. ज्यांच्या घरी आमचं जेवण ठरलं होतं त्या मावशी भाकरी थापता थापता थांबल्या. त्यांचं माहेर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला त्या बाळंतपणासाठी सासरीच राहिल्या म्हणून वाचल्या, माहेरचं कुणी उरलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तसला आवाज रातच्याला वाजवू नका, पोरी." आम्ही चित्रीकरणात तो आवाज एकदाही लावला नाही. नटांना इशारा म्हणून विहिरीत सोडलेल्या दोराला हिसका द्यायचो. घरघर नंतर पुण्यात भरली. तसंही रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, पण त्या नियमासाठी आम्ही थांबलो नव्हतो.

विहिरीत उतरण्याआधी यारीवाल्या मामांनी घालून दिलेली शिस्त इथं जशीच्या तशी देते, कारण यात जीव जातो. जुन्या, न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असतो, जड वायू साठलेला असतो. रोज उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडायचा आणि थोडा वेळ ठेवायचा. मंद झाला किंवा विझला तर कुणीही उतरायचं नाही. खाली जनरेटर किंवा डिझेल इंजिन कधीच न्यायचं नाही, धुरानं माणूस पडतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि वर एक माणूस फक्त त्या दोरासाठी. कॅमेरामन कुरकुरला तरी ऐकायचं नाही. सगळ्या युनिटचा सामूहिक अपघात विमा काढला होता, तो खर्च मला आजही स्वस्त वाटतो.

रात्रीचं चित्रीकरण म्हणजे शांतता असते असं शहरातल्या ध्वनिमुद्रकाला वाटलं होतं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची होती. अकराला लाईट आली आणि आजूबाजूच्या जेवढ्या बोअरना थोडं फार पाणी होतं तेवढ्या मोटारी ऑटो स्विचवर आपोआप घरघरायला लागल्या. शेतकऱ्याला मोटार बंद करा म्हणायची माझी तरी हिंमत नाही, उन्हाळ्यात तेवढंच पाणी. महावितरणच्या लाइनमनकडून वेळापत्रक घेतलं आणि बोलण्याचे प्रसंग लाईट नसताना, नुसत्या हालचालीचे लाईट असताना, असे लावले. तुम्ही गावात रात्री काम करणार असाल तर हे वेळापत्रक संहितेइतकंच महत्त्वाचं.

आणि खळ. राक्षस ओला दिसायला पाहिजे. परदेशात यासाठी मिथाइल सेल्युलोज वापरतात, आम्ही स्वस्तात साबुदाण्याची खळ केली. साबुदाणा भरपूर पाण्यात शिजवून, गाळून, हिरवट-काळा रंग. कॅमेऱ्यात झकास दिसते, लांब तार धरते. पण पारा बेचाळिसच्या पुढं असताना रात्री केलेली खळ सकाळी आंबते, आणि पहिल्याच रात्री अडीच वाजता भावजी आतून ओरडायला लागला. आम्हाला वाटलं अभिनय. सुटाच्या शिवणीतून मुंग्या आत गेल्या होत्या. त्यानंतर गवार गम वापरला, तो पाण्यात थंडच कालवता येतो आणि मुंग्या त्याकडं बघत नाहीत. किलोभरात तीनचार रात्री निघतात. सुटात सलग पंधरा मिनिटांच्या वर ठेवायचं नाही असा नियम केला. बाहेर काढल्यावर ओआरएस, ओला टॉवेल, आणि तो स्वतःहून 'चला' म्हणेपर्यंत थांबायचं.

गर्दीचे प्रसंग सगळ्यात सोपे गेले. कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोडीची माणसं गावात परतली होती. रात्रीचे ५०० रुपये आणि जेवण. भीती दाखवा म्हणून सांगावं लागलं नाही, कारण त्यांना सुटाबद्दल आधी काही सांगितलंच नव्हतं. त्यांच्यातल्या बायांनी मला एक सुचवलं: पळताना कुणी मागं बघत नाही, आधी लेकरू उचलतं. पुढच्या वेळी तसं घेतलं. त्यात मागं वळून किंचाळणारं कुणी नाही, नुसती वाकलेली पाठमोरी माणसं आहेत.

मृगाच्या आदल्या दिवशी वळीव पडला आणि तळाला पाणी साचलं. आमचा शेवटचा एक प्रसंग राहिला होता. तो संकलनात त्या चार बोटांवर भागवला.

पावसाळाभर संकलन घरीच केलं. पैसा गेला तो आवाजात: पुण्यात ध्वनिसंयोजन आणि मिश्रण मिळून १ लाख ६० हजार. भयपट करणाऱ्यांनी राक्षसापेक्षा आवाजाला जास्त पैसे ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आमचा राक्षस पूर्ण अंगानं जेमतेम चाळीस सेकंद दिसतो. बाकी वेळ तो विहिरीच्या भिंतींवर घासणारा ओला आवाज आहे, आणि तो आवाज म्हणजे ओल्या पोत्यावर ओढलेला नारळाचा काथ्या.

२०२५च्या फेब्रुवारीत सेन्सॉरला अर्ज केला. नुसतं ओटीटीवर टाकायचं असतं तर हे प्रमाणपत्र लागलं नसतं, तिथं प्लॅटफॉर्मच वयोगट ठरवतं. आम्हाला तालुक्याच्या टॉकीजमध्ये लावायचा होता. अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर ऑनलाइन होतो, एजंटशिवाय जमतो. मराठीसाठी मुंबईचं विभागीय कार्यालय. शीर्षकाचं पत्र, कथाहक्कांचा करार, संपूर्ण संवाद, कथासार, आणि जनावरं वापरली नसल्याचं लेखी. त्या शेवटच्या कागदापायी आमचा एक आवडता शॉट गेला. दिवा खाली सोडल्यावर विहिरीच्या कपारीतले पारवे फडफडून कॅमेऱ्यावर येतात. आम्ही पाळलेले नव्हते, सोडलेले नव्हते, पण पडद्यावर पक्षी दिसतात म्हटल्यावर खुलासे आले असते. शॉट काढला, फडफड ठेवली.

समितीनं सिनेमा पाहिल्यावर अर्जदाराला आत बोलावतात. भावाबरोबर मीही गेले. दोन सूचना होत्या: एका जखमेचा शॉट काही सेकंदांनी कमी करा आणि अंधश्रद्धेविषयीची पाटी सुरुवातीला वाचता येईल इतका वेळ ठेवा. दोन्ही मान्य. नव्या नियमांत 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, त्यातला शेवटचा मिळाला. बदल करून पुन्हा सादर करणं, तपासणी, आणि मधे एका अपुऱ्या कागदासाठीचा पत्रव्यवहार, यात मे संपला. प्रमाणपत्राला आता दहा वर्षांची मुदत नाही, ते कायमचं.

परभणीला काकूंना लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पूर्ण बघितला. चाळीस सेकंदांच्या वेळी म्हणाल्या, "एवढंही दाखवलं नसतं तरी चाललं असतं." मास्तर मात्र आवडले.

अंबाजोगाईतले खेळ झाले, आता माजलगाव आणि परळीचं बोलणं चालू आहे. वारसांना पहिला हिशेब जानेवारीत द्यायचा आहे, त्यासाठी प्रत्येक खेळाचं तिकीटविक्रीपत्रक टॉकीजवाल्याच्या सहीनं घेतोय. ते रात्रीच घ्या, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. आणि राक्षस भाड्यानं मिळेल का, असं दोघातिघांनी विचारलंय. मिळेल. डावा खांदा उंदरांनी कुरतडलाय तो तुम्ही दुरुस्त करून घ्यायचा. अनामत पाच हजार. आत शिरायला माणूस तुमचा, भावजी सध्या पोलीसभरतीच्या तयारीत आहे.